तळटीप १४ : ‘रनिमीडला नाव आहे’
१४. म्हणजे कबर नाही. लंडनच्या पश्चिमेला थेम्सकाठच्या रनिमीडच्या कुरणालगत (१२१५ च्या मॅग्ना कार्टाची हीच जागा) कूपर्स हिल या टेकडीवर हवाई दलाचे स्मारक आहे. राणी दुसरी एलिझाबेथ यांनी १७ ऑक्टोबर १९५३ रोजी त्याचे अनावरण केले. दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या आणि ज्यांची कबर ज्ञात नाही अशा २० हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. ज्यांचे देह जर्मनीत सापडले ते तेथील युद्धस्मशानांत आहेत. त्यांची नावे येथे नाहीत. म्हणून लेखकाने पुढच्या परिच्छेदात वापरलेला ‘कबर’ हा शब्द सैलपणे आलेला समजावा.

नावे आधी वर्षाने, मग हुद्द्याने लावलेली आहेत. त्यामुळे एकाच लँकेस्टर विमानातले सोबती खिडक्यांलगतच्या वेगवेगळ्या दगडी पट्ट्यांवर विखुरतात, आणि सार्जंट शोधायला आलेल्या बहिणीला त्याच्या वैमानिकाचे नाव दुसरीकडे सापडते.

‘ती चांदणी रात्र’ म्हणजे ३०-३१ मार्च १९४४. न्यूरेंबर्गवर निघालेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत. बॉम्बर कमांडची एका रात्रीतली ही सर्वांत मोठी हानी.