भिंतीवरील काळाचा हिशेब

अमेरिकेत अलीकडे एक नवी गृहोपयोगी वस्तू विकावयास आली आहे. तसबिरीसारखी भिंतीवर टांगावयाची ही एक विजेवर चालणारी पाटी. तिच्यावर आठवड्याचे दिवस आखलेले असतात, आणि घरातील प्रत्येक माणसाची कामे निरनिराळ्या रंगांत दिसतात. मुलीचा पोहण्याचा वर्ग, आजोबांची डॉक्टरांशी ठरलेली भेट, वडिलांचा दौरा, सर्व एके ठिकाणी. स्कायलाइट नावाच्या कंपनीची पंधरा इंची पाटी 2024 साली तीनशे डॉलरांच्या आसपास मिळे, आणि काही सोयींसाठी वार्षिक वर्गणी निराळी पडे. मुलाबाळांकडे तिकडे जाऊन आलेली मंडळी, अशी पाटी आपल्या घरी असावी काय, असे विचारू लागली आहेत. केवळ किंमत पाहून या प्रश्नाचा निकाल लावता येईल. परंतु घरातील काळाचा हिशेब आजवर कोणी ठेवला व कसा ठेवला, हे पाहिल्यावाचून लावलेला निकाल आम्हांस अपुरा वाटतो.

पहिली गोष्ट ही की, गृहिणीच्या हाताशी यंत्र देण्याची कल्पना मुळीच नवी नाही. 1969 साली टेक्ससमधील नीमन मार्कस या श्रीमंती दुकानाच्या सूचिपत्रात हनीवेल कंपनीचा एक स्वयंपाकघरातील संगणक झळकला. किंमत 10,600 डॉलर! पाककृती साठवून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. परंतु त्याच्याशी बोलावयाचे ते बटणांच्या ओळीने, आणि तो उत्तर देणार ते लुकलुकणाऱ्या दिव्यांनी. ही भाषा शिकविण्यासाठी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रमही किमतीत धरला होता. आमटीस फोडणी देण्यापूर्वी दोन आठवडे शाळेत जाण्यास कोण तयार होईल? तो एकही विकला गेल्याची नोंद नाही. पुढे 2000 च्या ऑक्टोबरात थ्रीकॉम कंपनीने ‘ऑड्री’ नावाचे 499 डॉलरांचे सुबक यंत्र काढले. ते ओट्यावर ठेवावयाचे; त्यात कुटुंबाची दिनदर्शिका होती, आणि पत्र आले म्हणजे त्याच्या लेखणीचे टोक उजळत असे. आजच्या भिंतीवरील पाटीची खरी थोरली बहीण हीच. परंतु 2001 सालीच कंपनीने हा धंदा गुंडाळला.

आता आपल्याकडे पाहू. छापखाना येण्यापूर्वी सामान्य घरात काळ हा भिंतीवर नव्हता, जोशीबुवांच्या मुखी होता. तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पाच अंगे त्यांनी सांगावी आणि यजमानाने ऐकावी. हस्तलिखित पंचांगाची प्रत मिळविणे व वाचणे, दोन्ही सर्वांना साधणारी नव्हती. 1831 साली, म्हणजे शके 1753 मध्ये, मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ही विद्या पाहून या गृहस्थाने प्रथम लाकडाचे यंत्र स्वतःच उभारले होते. पण खरी अडचण यंत्राची नव्हती, गिऱ्हाइकाच्या मनाची होती. छापण्याच्या शाईत चरबी असते, सबब छापील कागद शिवू नये, असे पुष्कळ सोवळ्या लोकांस वाटे. म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली. ही हकीकत आज वाचताना हसू येते खरे, तथापि नवी वस्तू घरात आणताना माणसे केवळ उपयोग पाहत नाहीत, ती आपल्या घराच्या रीतीत बसते की नाही हेही पाहतात, एवढे तीवरून स्पष्ट होते. तुपाच्या शाईने जे काम केले ते कोणत्याही जाहिरातीने झाले नसते.

ग्रहगणित सुधारण्याचे पुढील प्रयत्न, केरोपंत छत्र्यांपासून टिळकांपर्यंतचे, विद्वानांच्या वादाचा विषय झाले. घराची भिंत त्यांनी फारशी बदलली नाही. ती बदलली 1973 साली, जयंतराव साळगावकरांच्या ‘कालनिर्णय’ने. पंचांगातील नित्य लागणारा भाग इंग्रजी तारखेच्या चौकटीत आला, आणि संकष्टीच्या दिवशी जोशीबुवांस गाठण्याचे कारण उरले नाही. परंतु आमच्या समजुतीने या दिनदर्शिकेचे सर्वांत मोलाचे अंग संपादकांनी छापलेच नव्हते. ते म्हणजे तारखेभोवतालची कोरी जागा. तीत गृहिणीने दुधाचा खाडा मांडला, मोलकरणीचा खाडा मांडला, सिलिंडर कधी लावले ते लिहिले. कोठल्याही कंपनीने शिकविल्यावाचून, दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीच्या तुकड्याने हे सर्व झाले. हनीवेलच्या दिव्यांना जे साधले नाही ते या पेन्सिलीने साधले.

मात्र या चित्राची दुसरी बाजू आहे, आणि तिच्याकडे आपण सोयीस्करपणे दुर्लक्ष करीत आलो आहो. त्या चौकटींतील अक्षर बहुधा एकाच हाताचे असते. मुलांची परीक्षा, सासऱ्यांची औषधे, नणंदेच्या घरचे बारसे, हे सारे स्मरणात ठेवण्याचा भार एकट्या बाईने वाहावा आणि इतरांनी “आज काय आहे ग?” एवढेच विचारावे, असा आपल्या घरांचा शिरस्ता आहे. ती स्वतः कचेरीत जाऊ लागली तरी हा शिरस्ता फारसा ढळलेला नाही. नवी पाटी येथे काही खरे देऊ करते. तिच्यावरील मजकूर प्रत्येकाच्या फोनवरून भरता येतो, व प्रवासात असलेल्यासही दिसतो; म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’ ही पुरुषांची जुनी सबब नाहीशी होण्याचा संभव आहे. संभव, एवढेच म्हणतो. कारण फोनमध्येही नोंदी त्या एकटीनेच करावयाच्या असतील, तर तीनशे डॉलर देऊन आपण तिचीच पेन्सिल महाग केली असे होईल.

म्हणून खरेदीपूर्वी महिनाभर, फोनवर फुकट मिळणारी सामाईक दिनदर्शिका घरातील सर्वांनी वापरून पाहावी. नोंदी एकाहून अधिक हातांनी होऊ लागल्या तर पाटीचा उपयोग आहे. आणि तेव्हाही, घरात पडून असलेला जुना टॅब्लेट भिंतीवर लावून तेच काम होते काय, हे आधी पाहावे. वर्गणी थांबविल्यास पाटी काय दाखवील, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. कंपन्यांचे आयुष्य पंचांगासारखे वर्षानुवर्षांचे नसते: सनराइज नावाची लोकप्रिय दिनदर्शिका मायक्रोसॉफ्टने 2015 साली विकत घेतली आणि 2016 च्या सप्टेंबरात बंद केली.

आणि कागदाची दिनदर्शिका मात्र, पाटी घेतली तरी, काढून टाकू नये. चतुर्थीचा चंद्रोदय तीत सापडतो हे एक कारण. पण माळ्यावरच्या जुन्या दिनदर्शिकांत दुधाचे दर, आजारपणे, पाहुण्यांचे मुक्काम जसे जागच्या जागी मिळतात, तशी वीस वर्षांपूर्वीची पाटी कोठे उघडून पाहावयाची, याचे उत्तर विक्रेत्याजवळ बहुधा असणार नाही.