दात, हृदय आणि कुंभाराचं गाढव

मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभाव म्हणजे काय, हे ह्यूम आणि आपले नैयायिक यांच्या आधाराने पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, ‘सर, हे सगळं ठीक आहे, पण याचा व्यवहारात उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आज दातांचा इतिहास घेतला आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, दंतवैद्य नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दातांच्या दवाखान्यात हल्ली सर्रास ऐकू येतं, की हिरड्या सांभाळा, नाहीतर हृदयाला धोका. या वाक्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग फार क्लेशकारक आहे.

सुरुवात होते लंडनमध्ये. विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरांनी 1900 साली असं मांडलं, की तोंडातला पू हे शरीरातल्या अनेक रोगांचं मूळ आहे. 1910 मध्ये माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात त्यांचं भाषण झालं आणि त्यात त्यांनी दंतवैद्यांवर चांगलीच आग पाखडली. किडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसवणं म्हणजे घाणीवर सोन्याची समाधी बांधणं, असा त्यांचा रोख होता. पुढे शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी या विचाराला सिद्धान्ताचं रूप दिलं. शरीरात कुठेतरी जंतूंचा एक अड्डा असतो, तिथून विष रक्तात जातं आणि सांधे, मूत्रपिंड, हृदय, काहीही बिघडू शकतं. अड्डा काढा, रोग जाईल.

तर्क ऐकायला किती सरळ वाटतो, बघा! आणि सरळ वाटला म्हणूनच त्याने घात केला. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दात उपटण्याची लाटच आली. सांधे दुखतात? काढा दात. नुसता संशय असला तरी काढा.

याचं टोक गाठलं न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी. वेडाचं मूळही जंतूंच्या अड्ड्यात आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. आधी दात, मग टॉन्सिल, आणि तरीही रुग्ण बरा झाला नाही तर मोठं आतडं. 85 टक्के रुग्ण बरे होतात, असा त्यांचा दावा होता. आतड्याच्या शस्त्रक्रियेत जवळजवळ तीनातला एक रुग्ण दगावत होता, हे त्यांचेच आकडे सांगत होते. फिलिस ग्रीनेकर या तरुण मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1920च्या दशकात तिथल्या नोंदी तपासल्या. चित्र दाव्याच्या अगदी उलट निघालं. पण त्यांचा अहवाल दाबला गेला आणि दात काढणं चालूच राहिलं. त्या रुग्णांपैकी अनेकांनी नको म्हणून आकांत केला होता. वेड्याच्या नकाराला कोण विचारतो?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कॉटन लबाड नव्हते. त्यांनी स्वतःचे आणि आपल्या मुलांचेही दात काढवले होते. 1933 मध्ये ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले. आता तुम्ही हसाल, पण एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. नेमकी तीच चूक तर त्यांनी केली होती.

1938 साली सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताचे 200 रुग्ण तपासून सांगितलं, की अड्डे काढून उपयोग दिसत नाही. यातले सेसिल पूर्वी स्वतः या मताचे होते. आपलं मत आपल्याच आकड्यांपुढे सोडणारा माणूस आम्हाला फार मोलाचा वाटतो. हळूहळू सिद्धान्त मागे पडला.

आणि मग 1989 मध्ये तो फिनलंडमध्ये पुन्हा उभा राहिला. हेलसिंकीच्या मॅटिला आणि सहकाऱ्यांनी नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले 100 रुग्ण आणि इतर 102 माणसं यांचे दात तपासले. रुग्णांचे दात अधिक वाईट निघाले. वय, धूम्रपान, मधुमेह, चरबी हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. 1993 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीच्या आधारे, 9,760 माणसांच्या नोंदींवरून, हिरड्यांचा विकार असलेल्यांना हृदयरोगाचा धोका 25 टक्क्यांनी जास्त, असा निष्कर्ष निघाला. गंमत अशी, की 2000 साली हुयोल आणि सहकाऱ्यांनी त्याच पाहणीतल्या 8,032 माणसांच्या नोंदी वेगळ्या रीतीने मांडल्या, आणि ठाम संबंध काही दिसेना!

हे कसं होतं? तर्कसंग्रह वाचलेल्यांना आठवेल. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरं. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. दात आणि हृदय यांच्यामधली उपाधी कोणती? तंबाखू. ती हिरड्याही नासवते आणि रक्तवाहिन्याही. (आपल्याकडे मिश्रीने दात घासणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं.) गरिबी आणि मधुमेह यांचंही तेच. या गोष्टी हिशेबात धरल्या असं संशोधक म्हणतात. पण ‘सिगारेट ओढता का, हो किंवा नाही’ एवढंच विचारलं, तर चाळीस वर्षांचं धूम्रपान त्यात मावत नाही.

मग उपचार करूनच पाहावं. 2007 मध्ये लंडनमध्ये टोनेट्टी आणि सहकाऱ्यांनी हिरड्यांचा तीव्र विकार असलेल्या 120 जणांवर हा प्रयोग केला. निम्म्यांवर कसून उपचार, बाकीच्यांची नेहमीसारखी सफाई. उपचारानंतर 24 तासांत रक्तवाहिन्यांची लवचीकता उलट बिघडली आणि रक्तातली दाहाची चिन्हं वाढली. पण सहा महिन्यांनी पाहिलं, तर रक्तवाहिन्या सुधारल्या होत्या. ही मोठीच गोष्ट होती.

पण ती चिन्हांची गोष्ट होती. झटके किती टळले, हे या प्रयोगाने मोजलं नव्हतं. इथे कुंभाराचं गाढव येतं. घडा तयार झाला तेव्हा माती वाहणारं गाढव हजर होतं. म्हणून ते घड्याचं कारण नव्हे. नैयायिक त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. सीआरपी हे रक्तातलं प्रथिन 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. दाह वाढला की ते वाढतं, हृदयरोगाचा धोका असलेल्यांतही ते जास्त दिसतं. पण 2011 मध्ये जनुकांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की जन्मतः ज्यांचं सीआरपी जास्त असतं त्यांना हृदयरोग जास्त होत नाही. म्हणजे हे गाढव दिसतं खरं, पण घडा ते घडवत नाही.

आणि चिन्ह सुधारलं म्हणजे रोगी वाचला, असंही नाही. झटक्यानंतर हृदयाचे अनियमित ठोके थांबवणाऱ्या औषधांची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. 1989 मध्ये कळलं, की ठोके थांबत होते आणि औषध घेणारे जास्त संख्येने मरत होते.

मग झटकेच मोजणारी चाचणी का करत नाहीत? तिची पूर्वतयारी अमेरिकेत झाली होती, 303 हृदयरुग्णांवर. अडचण मोठी माणसासारखी निघाली. ज्यांच्यावर त्या प्रयोगात उपचार करायचे नव्हते, त्यांतले 48 टक्के आपापल्या दंतवैद्याकडे जाऊन आले! दात दुखायला लागल्यावर विज्ञानासाठी कोण थांबेल? आणि त्यांना थांबवणं नीतीतही बसत नाही. 2012 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळा पुरावा तपासून म्हटलं, की संबंध आहे, पण हिरड्यांच्या उपचाराने हृदयरोग टळतो असा पुरावा नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘माझ्या वडिलांना स्टेंट आहे, दात साफ करून घ्यावेत का?’ घ्यावेत, हिरड्यांसाठी घ्यावेत. दंतवैद्यांना स्टेंटबद्दल आधी सांगा. आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.