कॅन्सस-नेब्रास्का कायदा

कॅन्सस-नेब्रास्का कायदा हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसने १८५४ साली संमत केलेला कायदा होय. या कायद्याने कॅन्सस व नेब्रास्का हे दोन प्रदेश निर्माण करण्यात आले आणि तेथे गुलामगिरी असावी की नसावी, याचा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपवण्यात आला. उत्तर व दक्षिण यांच्यातील जुना वाद त्यामुळे विकोपास गेला. अमेरिकन यादवी युद्धाच्या प्रमुख कारणांमध्ये या कायद्याची गणना होते.

== पार्श्वभूमी ==
१८२० च्या मिसूरी तडजोडीने मिसूरी हे गुलामगिरी असलेले राज्य म्हणून संघराज्यात दाखल झाले. मात्र लुइझियाना खरेदीतील उर्वरित मुलखात ३६ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांशाच्या वर गुलामगिरीस मनाई करण्यात आली. कॅन्सस व नेब्रास्का या रेषेच्या उत्तरेस होते. इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग शिकागोहून न्यायचा होता. त्यासाठी या मुलखात शासनव्यवस्था उभारणे आवश्यक होते. परंतु मनाई कायम असेपर्यंत दक्षिणेतील सदस्य अनुकूल होणे कठीण होते. म्हणून डग्लस यांनी विधेयकातच ती मनाई रद्द केली आणि तिच्या जागी ‘लोकसार्वभौमत्वा’चे तत्त्व आणले. प्रतिनिधिगृहात विधेयक ११३ विरुद्ध १००, अशा अल्प मताधिक्याने संमत झाले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पियर्स यांनी ३० मे १८५४ रोजी त्यावर स्वाक्षरी केली.

== रक्तरंजित कॅन्सस ==
रहिवाशांनी हा निर्णय नेमका केव्हा घ्यावा, हे कायद्यात स्पष्ट नव्हते. परिणामी दोन्ही पक्षांनी आपापले लोक कॅन्ससमध्ये वसवण्याची धडपड सुरू केली. मार्च १८५५ च्या निवडणुकीत पात्र मतदार सुमारे २,९०० असताना ६,००० हून अधिक मते पडली. मिसूरीतून सीमा ओलांडून आलेल्यांनी बेकायदा मतदान केले होते. पुढे लेकॉम्प्टन व टोपेका येथे दोन प्रतिस्पर्धी सरकारे स्थापन झाली. २१ मे १८५६ रोजी गुलामगिरी समर्थकांनी लॉरेन्स हे गाव लुटले. त्यानंतर काही दिवसांतच जॉन ब्राउन व त्यांच्या साथीदारांनी पॉटावाटमी खाडीजवळ पाच जणांची हत्या केली.

== परिणाम ==
या प्रश्नावर व्हिग पक्ष फुटला आणि गुलामगिरीच्या विस्तारास विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष उदयास आला. राजकारणापासून काहीसे दूर गेलेले अब्राहम लिंकन या कायद्याच्या विरोधात पुन्हा सक्रिय झाले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रदेशांत गुलामगिरीस बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला नसल्याचा निर्णय दिला. त्यामुळे तडजोडीचा मार्ग आणखी अरुंद झाला. १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातही फूट पडली व लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. २९ जानेवारी १८६१ रोजी कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात दाखल झाले. तोपर्यंत दक्षिणेतील सहा राज्यांनी संघराज्यातून फुटून निघण्याची घोषणा केली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्ट सम्टरवरील हल्ल्याने यादवी युद्धास तोंड फुटले.