शाळेच्या सुट्ट्या : तिथी, हंगाम आणि पालक

महाराष्ट्रातील शिक्षणात सुट्टीची सर्वांत जुनी रीत तिथीवर चालत असे. वेदपाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. त्याखेरीज नैमित्तिक कारणेही पुष्कळ होती. याज्ञवल्क्यस्मृतीत पाठ थांबवण्याचे 37 प्रसंग मोजले आहेत. त्यांत कुत्रा, कोल्हा, गाढव किंवा घुबड ओरडण्याचाही समावेश आहे. मनुस्मृतीने तर बजावले की अमावास्येचा पाठ गुरूचा घात करतो आणि चतुर्दशीचा शिष्याचा. एवढी जबर शिक्षा सांगितल्यावर सुट्ट्या जास्त झाल्या, अशी तक्रार करायला कोणता बाप पुढे येणार?

पंतोजींच्या शाळेत वेदाऐवजी मोडी अक्षर, उजळणी आणि हिशेब शिकवला जाई, पण अमावास्या-पौर्णिमेला शाळा बंद ठेवण्याची चाल तिथेही होती. दसऱ्याला पाटीपूजन आणि सणावारी शिधा हे ओघानेच आले. या शाळेला सत्र नव्हते, वर्षअखेरीची परीक्षा नव्हती. मुहूर्त पाहून मुलाला शाळेत घालायचे आणि कामापुरते लिहिता-वाचता येऊ लागले की काढून घ्यायचे. पंतोजींचे पोट पालकांनी दिलेल्या पैशांवर आणि धान्यावर चाले, त्यामुळे पेरणीच्या दिवसांत मुलगा आला नाही तर तो घरचा आणि पंतोजींचा आपसातला मामला असे. हजेरीचा जाब विचारणारा तिसरा कोणी नव्हता.

हा तिसरा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आला. 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले आणि पाठोपाठ तपासनीस, हजेरीपत्रक, ठरलेले वर्ग व परीक्षा आल्या. शाळांचे अनुदान पुढे परीक्षेच्या निकालाशीही जोडले गेले. तिथीची जागा वाराने घेतली आणि रविवार ही शाळेची साप्ताहिक सुट्टी झाली. मुंबईच्या गिरणगावात मात्र हा रविवार बराच काळ फक्त मुलांचाच होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 1890 मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तोवर मुलाची शाळा बंद असे त्या दिवशीही बाप साच्यावर उभा असू शके.

उन्हाळ्याची मोठी सुट्टीही याच व्यवस्थेत रुजली. कडक उन्हात कोर्टे बंद होत, साहेब महाबळेश्वर गाठत, आणि शाळाही त्याच सुमारास मिटत. मुंबईतल्या कोकणी चाकरमान्याला ही सोय फार मानवली. आंबे-फणस, लग्नसराई, पावसाआधी घर शाकारणे ही सगळी कामे मे महिन्यातच येतात, आणि त्यासाठी बायकामुलांना महिनाभर गावी ठेवता येई. दिवाळीची सुट्टी खरिपाच्या सुगीजवळ पडत असल्याने शेतकऱ्याच्याही उपयोगी पडली. कापणी-मळणीला घरात चार हात जास्त मिळत. म्हणजे सुट्टी कशासाठी, याचे शहरी आणि ग्रामीण उत्तर तेव्हाच वेगळे होते. एकीकडे ती कामातून मोकळीक होती, दुसरीकडे कामाचीच मुभा.

सक्तीच्या शिक्षणाने या फरकाला धार आली. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग करून 1906 मध्ये बडोदे संस्थानभर सक्ती लागू केली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आता सरकारने दिली ती सुट्टी आणि पालकाने दिली ती गैरहजेरी, असे दोन वेगळे प्रकार झाले. पालकांचे सुट्टीवरचे मत जाहीर वादाचा विषय होऊ शकले ते खरे तर इथून; आधी तो प्रत्येक घराचा खासगी निर्णय होता.

आजच्या वादांची चौकट माध्यमिक शाळा संहितेने घातली आहे. सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून वर्षाला 76 पेक्षा जास्त नकोत आणि कामाचे दिवस किमान 230 भरले पाहिजेत, असा नियम आहे. 2010 पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला किमान 200 दिवस व 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस व 1000 तास असे माप दिले. आकडा बांधलेला असल्यामुळे एका सणाला दिवस वाढवायचे तर दुसरीकडून ते कापावे लागतात. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने गणेशोत्सवाला किंवा नाताळला देता येते. कोकणात गणपतीला शाळा सलग बंद असतात त्या याच सोयीने. मुंबईच्या अनेक कॉन्व्हेंट शाळांत दिवाळी आखडती घेऊन नाताळची सुट्टी लांबवली जाते, आणि दिवाळीत गावी जाणाऱ्या पालकांची दरवर्षी कुरकुर होते. उर्दू शाळांत रमजानच्या महिन्यात सकाळची शाळा भरते. विदर्भात जूनमध्येही ऊन उतरलेले नसते, म्हणून उर्वरित राज्यात जूनच्या मध्याला शाळा उघडल्या तरी तिथे त्या आणखी काही दिवस बंद राहतात. यापलीकडची स्थानिक निकड जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्टीवर भागते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, एखाद्या गावात जत्रा किंवा उरूस भरतो. त्या दिवशी शाळा उघडी ठेवली तरी वर्गात मुले किती येणार, हे मास्तरांना पक्के ठाऊक असते.

या सगळ्या हिशेबात न बसणारे पालक म्हणजे ऊसतोड कामगार. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. कामाची मोजणी कोयत्यावर होते आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, त्यामुळे मूल सांभाळायला घरी आई उरत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळेचे दुसरे सत्र सुरू होते, तेव्हा या मुलांचा मुक्काम फडावरच्या कोपीत असतो. थोरली मुलगी धाकट्याला राखते, भाकरी थापते. फडाजवळ चालवलेल्या साखरशाळा आणि गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे हे यावरचे दोन उपाय. त्यावरही पालकांचे एकमत नाही. आजी-आजोबा घरी असतील तर मूल मागे ठेवायची तयारी असते, पण वयात आलेली मुलगी आईच्या नजरेआड ठेवायला अनेक घरे धजावत नाहीत. शाळेच्या कॅलेंडरमध्ये या सहा महिन्यांसाठी रकाना नाही, आणि हा त्या कॅलेंडरमधला सर्वांत मोठा दोष म्हटला पाहिजे.

शहरात वादाची कारणे पालकांच्या नोकरीनुसार बदलतात. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. शाळा त्यातून वगळल्या गेल्या. शनिवारी घरी असलेल्या पालकाला मुलाची सकाळची अर्धी शाळा अडचणीची वाटते. दुकानात किंवा कारखान्यात सहा दिवस राबणाऱ्याला तीच शाळा आधार असते, कारण मूल निदान दुपारपर्यंत सुरक्षित जागी राहते. मुसळधार पावसात पहाटे जाहीर होणाऱ्या सुट्टीबाबतही हेच. घरी कोणी असेल तर ती काळजीपोटी घेतलेली खबरदारी. दोघेही कामावर निघाले असतील तर ऐनवेळची पंचाईत.

2025 च्या उन्हाळ्यात हे मतभेद एकदम उघड्यावर आले. महाराष्ट्रात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबवण्यात आल्या. एरवी अनेक शाळांत त्या एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकत. गावच्या गाड्यांची आरक्षणे दोन महिने आधी सुरू होत असल्याने बऱ्याच घरांची तिकिटे तोवर काढून झाली होती, आणि उन्हाची तक्रार तर होतीच. दुसरा पक्षही होता : परीक्षा लवकर उरकून मुले एप्रिलभर रिकामी फिरतात, त्यापेक्षा वर्ग चालू राहिलेले बरे, असे म्हणणारा. शिक्षकांपुढे वेगळाच पेच होता, कारण निकाल 1 मे रोजी लावण्याचा रिवाज आणि पेपर तपासायला हातात उरले जेमतेम पाच-सहा दिवस.

त्याच सुमारास गोव्याने सहावी ते दहावी आणि बारावीचे नवे वर्ष जूनऐवजी 7 एप्रिलपासून सुरू करायचे ठरवले. नव्या शैक्षणिक धोरणासाठी तास वाढवायला हवेत, असे कारण दिले गेले. पालकांचा एक गट उकाडा आणि आधी ठरलेले बेत पुढे करून न्यायालयात गेला. वर्ग ठरल्या दिवशीच भरले, मात्र दुपारच्या आत सुटत. मेची सुट्टी कायम राहिली आणि जूनमध्ये शाळा पुन्हा उघडल्या.