किल्ली कोणाच्या हातीं?

वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिरावरून जातांना मला नेहमीं महाडचें चवदार तळें आठवतें. एक देवालय, दुसरा पाणवठा. परंतु दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच होता. तेथें पाऊल ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

मुंबईच्या कायदेमंडळानें 1923 सालीं बोले यांचा ठराव संमत केला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले ठरविले. पुढील वर्षीं महाडच्या नगरपालिकेनेंही त्यास अनुसरून ठराव केला. तरी तळ्याचें पाणी त्यांच्या ओठांस लागलें नाहीं. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मोठ्या मिरवणुकीनें पायीं चालत तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले, तेव्हां कोठें तो ठराव कागदावरून खालीं उतरला. त्याच दिवशीं अनेकांना मार बसला. मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल मिळावयास 1937 साल उजाडलें. दहा वर्षें, ओंजळभर पाण्यासाठीं!

जुलै 1928 मध्यें शेठ जमनालाल बजाज यांनीं बजाज घराण्याचें हें वर्ध्याचें मंदिर सर्वांस खुलें केलें. कृत्य थोर, यांत शंका नाहीं. मात्र येथें ज्यांच्या हातीं किल्ली होती त्यांनींच दार उघडलें, हें आम्हीं वर्धेकरांनीं विसरूं नये. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत डॉ. आंबेडकरांनीं पुण्यास सायमन कमिशनपुढें साक्ष देतांना प्रौढ मताधिकार मागितला. किल्लीच ज्याच्या त्याच्या हातीं द्या, असा त्या मागणीचा अर्थ मी करतों. 1935 च्या कायद्यानेंही मत मुख्यतः जमीन, कर वा शिक्षण असलेल्यांपुरतेंच राहिलें. अखेर 1950 च्या राज्यघटनेनें तें एकवीस वर्षांवरील प्रत्येकास मिळालें. 1989 पासून ही मर्यादा अठरा वर्षांची झाली.

तरीहि पहिल्या निवडणुकीच्या वेळीं, मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत, कित्येक स्त्रियांनीं यादींत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगितलें. स्वतःचें नांव न दिल्यामुळें सुमारें 28 लक्ष स्त्रिया मतदारयादींतून गळाल्या.

मतदान केंद्रावर मीं अनेकदां काम केलें आहे. शाई लावण्यापूर्वीं तेथें नांव मोठ्यानें वाचतात. एकदां शाळेची पायरी कधीं न चढलेल्या एका आजीबाईंनीं आपलें नांव ऐकतांच, वर्गांतल्या मुलीप्रमाणें, ‘हजर’ म्हटलें.