रँग्लर परांजपे यांचें प्रांतिक मंत्रिपद

एखादा कमाविसदार कर्तबगार होता कीं नव्हता हें ठरवितांना आम्ही त्याची सनद पाहतों, तसाच त्याचा जमाखर्चही पाहतों. अलीकडील मंत्र्यांस मात्र हा न्याय सहसा लाविला जात नाहीं. डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याविषयींचीं प्रचलित मतें बहुधा त्यांच्या नेमस्तपणावरून व बुद्धिवादावरून बनलेलीं आहेत, दप्तरावरून नव्हेत.

त्यांचा जन्म १८७६ सालीं कोंकणांत मुर्डी येथें झाला. १८९९ त केंब्रिज येथें सीनियर रँग्लर, १९०२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल, पुढें मुंबई कायदेकौन्सिलाचे सभासद, हें सर्वश्रुतच आहे. आम्हांस विचार कर्तव्य आहे तो १९२१ ते १९२३ या काळाचा. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें प्रांताचा कारभार द्विदल झाला. सोपीव खातीं मंत्र्यांकडे आलीं, राखीव खातीं गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाकडे राहिलीं. शिक्षण सोपीव होऊन परांजपे यांच्याकडे आलें. जमाखर्चाचें खातें राखीवच राहिलें. म्हणजे शिक्का एकाच्या हातीं व तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या! कॅनडांतील प्रांतांस १८६७ च्या कायद्यानें शिक्षण मिळालें, तेव्हां प्रत्यक्ष कर बसविण्याचा अधिकारही मिळाला होता. आमच्या मंत्र्यास तशी सोय नव्हती.

अशा स्थितींत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. विठ्ठलभाई पटेल यांच्या १९१८ च्या कायद्यानें म्युनिसिपालिट्यांस सक्तीच्या शिक्षणाची मुभा दिली होती. आतां जिल्हा लोकलबोर्डेंही त्या कक्षेंत आलीं. प्राथमिक शाळांचा कारभार या संस्थांकडे गेला, आणि सक्तीच्या वाढीव खर्चापैकीं लोकलबोर्डांस दोन तृतीयांश व म्युनिसिपालिट्यांस निम्मा सरकारनें द्यावा असें ठरलें. कायद्याचें मर्म आमच्या मतें याच तरतुदींत आहे. पैशाच्या टंचाईनें सक्ती पुष्कळ ठिकाणीं कागदावरच राहिली. त्याचें खापर एकट्या परांजपे यांच्या माथीं फोडणें न्याय्य नव्हे.

दुसरा एक दोष मात्र त्यांच्या पदरीं घातलाच पाहिजे. स्थानिक मंडळांच्या शहाणपणावर त्यांनीं फार विसंबून चालविलें. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या पक्षोपपक्षांच्या कचाट्यांत सांपडल्या. ज्यांनीं त्या सोसल्या त्या शिक्षकांस हें सांगावयास नको. १९३८ त कायदा दुरुस्त करून सरकारास देखरेखीचा अधिकार वाढवून घ्यावा लागला, व १९४७ त नवाच कायदा आला.

१९२३ च्या निवडणुकींत स्वराज्यपक्ष पुढें आला व परांजपे यांचें मंत्रिपद गेलें. १९२७ त तें त्यांस पुन्हां लाभलें, पण त्याच वर्षीं ते इंडिया कौन्सिलावर विलायतेस गेले. १९६६ त त्यांचें निधन झालें.

संग्राहकांस एक विनंति आहे. त्या वर्षांचीं कौन्सिलाच्या कामकाजाचीं छापील पुस्तकें कोणाच्या माळ्यावर असल्यास, मोडी नाहींत म्हणून तीं रद्दींत घालूं नयेत. अंदाजपत्रकावरील चर्चेचे भाग तर विशेष जपावेत.