जळालेल्या वह्या आणि उरलेली नावं



दिवाळीत वहीपूजनाला बसलं की सासूबाई दरवर्षी सांगायच्या, "आपल्या जुन्या वह्या सुप्याच्या दंग्यात जळाल्या गं." पुण्याला येण्याआधी आमच्या घरची सावकारी सुप्यात होती. वह्या गेल्या, म्हणजे त्याआधीची माहितीही गेली, असंच मी धरून चालले होते.

पण दंगा झाला की खटले होतात, आणि खटल्यात नावं येतात. १२ मे १८७५ रोजी सुप्यात कुणब्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांच्या घरांवर, दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. ९५१ जणांना अटक झाली. खटल्याच्या कागदात आरोपीचं नाव, बापाचं नाव, जात, गाव सापडू शकतं. तसंच फिर्यादी आणि साक्षीदारांचंही. पुण्यातलं पेशवे दफ्तर मोडीत आणि बरंचसं त्याआधीचं. या काळासाठी मुंबईच्या पुराभिलेखागारातली न्याय खात्याची दफ्तरं बघावी लागतात. शोधताना आडनावावर विसंबू नका. नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही लिहून न्या.

मी सुरुवात केली ती दंग्याच्या चौकशी आयोगाच्या अहवालापासून. आमचं नाव अजून मिळालेलं नाही. मिळालं दुसरंच. लोकांना हवे होते रोखे. सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे बहुधा पुढे काही झालं नाही. नाही म्हटलं तिथे मारहाण झाली. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली होती. मग दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा. मी दुकानाचा हिशोब बघते; हे कर्ज कसं फुगत गेलं असेल ते मला कुणी समजावायला नको. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदाच करावा लागला.

आमच्या घरात या गोष्टीत आम्ही नेहमी फिर्यादीच होतो. समोरच्या ९५१ नावांमध्ये कुणाचे तरी पणजोबा आहेत, हे कधी मनात आलं नाही. आपल्या घराचं नुकसान झालं, ते खरंच. पण अपरिग्रहाचं व्रत रोज म्हणणाऱ्या घराने त्या वह्यांत काय लिहिलं होतं, हेही विचारायला हवं.

यंदा वहीपूजनाला मी नातवंडांना दोन्ही बाजू सांगणार आहे. आणि संवत्सरीला त्या न पाहिलेल्या कुटुंबांनाही मनातून म्हटलं, मिच्छामि दुक्कडम्.